लसूण आधी ठेच, मग कुकर लाव

बाळा,

स्वतःचं स्वतः रांधून खायला लागलास, हे फार चांगलं केलंस. रोज सकाळी उपाशीपोटी लसणाची पाकळी पाण्याबरोबर गिळली तर चालेल का, असं विचारलं होतंस. गिळू नकोस. खायचाच तर ठेचून खा, आणि जेवणात खा. असं का, ते सांगते.

सोललेल्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. बत्त्याचा घाव बसला की घर घमघमतं. पाकळीत ॲलीन नावाचं द्रव्य एकीकडे असतं आणि ॲलीनेज नावाचं विकर दुसरीकडे. पाकळी चिरडली की दोघं एकत्र येतात आणि त्यातून ॲलिसिन तयार होतं. तो उग्र वास, जिभेवरची चरचर, सगळं या ॲलिसिनचं. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ साली ते लसणातून वेगळं काढलं आणि ते जंतू मारतं हेही दाखवलं. अख्खी पाकळी गिळली तर हे सगळं घडायला धड वावच मिळत नाही. पोटातलं आम्ल त्या विकराला निकामी करतं.

उष्णताही तेच करते. म्हणून सोललेल्या पाकळ्या थेट उकळत्या वरणात टाकल्यास चव येते, पण ॲलिसिन जवळजवळ तयारच होत नाही. यावर उपाय सोपा आहे. लसूण ठेच आणि दहा मिनिटं तसाच राहू दे, तेवढ्यात जे तयार व्हायचं ते होऊन जातं. अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग २००१ साली छापला गेला. त्यात मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट तापवलेल्या लसणाचा गुण गेला होता, पण आधी ठेचून दहा मिनिटं ठेवलेल्या लसणाचा काही गुण तापवल्यावरही टिकला. आता तू कामाचा क्रम असा ठेव: स्वयंपाकघरात शिरलास की सगळ्यात आधी लसूण सोलून ठेच. मग तांदूळ धू, डाळ धू, कुकर लाव, भाजी निवड. फोडणीची वेळ येईपर्यंत दहा मिनिटं आपोआप होतात.

फोडणीत लसूण जाळू नकोस. मोहरी तडतडली, जिरं फुललं की गॅस बारीक कर, मग लसूण घाल. कडेने बदामी दिसायला लागला की हिंग, हळद घालून लगेच भाजी लोट. काळा झालेला लसूण सगळी भाजी कडू करतो. थोडा ठेचलेला लसूण बाजूला काढून ठेवावा आणि गॅस बंद केल्यावर वरणात किंवा पिठल्यात ढवळावा. तो कच्चाच राहतो आणि वासही छान येतो.

आता फायद्याचं बोलू. लसणाने रक्तदाब उतरतो हे तू ऐकलंस, ते खोटं नाही. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला आहे अशा माणसांवर लसणाच्या गोळ्यांच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत आणि त्या एकत्र पाहिल्या तर रक्तदाब थोडा खाली येतो असं दिसतं. थोडाच. ज्यांचा मुळात ठीक आहे त्यांच्यात विशेष फरक पडत नाही. कोलेस्टेरॉलचं चित्र याहून धूसर आहे. काही चाचण्यांत ते जरा कमी झालं. पण स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ माणसांना सहा महिने, आठवड्यातले सहा दिवस कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. त्याचा निकाल २००७ साली आला, आणि वाईट कोलेस्टेरॉल कुणाचंच म्हणण्यासारखं हललं नव्हतं.

हे इतकं खोलात सांगते ते तुझ्या बाबासाठी. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की लसूण सुरू केला की बीपीची गोळी सुटते. सुटत नाही. गोळी परस्पर बंद करून अर्धांगवायू झालेली माणसं मी आपल्याच गावात पाहिली आहेत. लसूण गोळीच्या जोडीला खावा, तिच्या जागी नाही.

सर्दीचंही असंच. हिवाळ्यात लसूण खाणाऱ्याला सर्दी कमी होते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. इंग्लंडमध्ये १४६ माणसांवर तीन महिन्यांची एक चाचणी झाली, तिच्यात लसणाची गोळी घेणाऱ्यांना सर्दी खरोखरच बरीच कमी वेळा झाली. पण एवढ्या एका चाचणीवरून ठाम बोलता येत नाही, असं तज्ज्ञांचं मत आहे. मी मात्र सर्दी झाली की टोमॅटोच्या साराला लसणाची सणसणीत फोडणी देतेच. गरम सार पोटात गेलं की घसा शेकला जातो, नाक मोकळं होतं. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर सारावर विसंबू नकोस, डॉक्टर गाठ.

किती खावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात दिवसाला दोन ते पाच ग्रॅम ताजा लसूण असं माप दिलंय. आपल्या बारीक गावरान लसणाच्या तीन-चार पाकळ्या, मोठ्या लसणाची एक. याहून जास्त कच्चा खाल्लास तर छातीत जळजळेल. पित्त खवळणाऱ्या माणसाने कच्चा टाळावाच. वैद्यही लसणाला उष्ण आणि तीक्ष्ण म्हणतात. काश्यपसंहितेत तर लसणावर एक अख्खा कल्प आहे, पण तिथेही तो सरसकट सगळ्यांना दिलेला नाही. काहींना शिजवलेल्या लसणानेही पोट फुगतं, वात धरतो. त्यांनी अख्ख्या पाकळ्या तेलात परतून, तेलाला वास लागला की काढून टाकाव्यात. पोटाला त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही, चव उतरते.

आजोबांचं वेगळं आहे. हृदयाचा त्रास झाल्यापासून ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात आणि लसूणही रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही. रोजच्या भाजीतल्या दोन पाकळ्यांना हरकत नसते. पण अशा माणसाने मूठभर कच्चा लसूण खाणं किंवा दुकानातल्या लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं. शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दाढ काढायची असेल, तरी आधी सांगायचं की मी लसूण घेतो. कॅप्सूल तर बहुतेक डॉक्टर आठवडाभर आधी बंद करायला लावतात. तुझ्या मित्रमंडळींत कुणी घेत असेल तर त्यालाही सांग.

तुझ्या ताईचे दिवस भरत आलेत, म्हणून तिच्यासाठीही थोडं. बाळंतिणीला आपण बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि लसूण-खोबऱ्याची चटणी देतो. लसणाचा वास दुधात उतरतो आणि बाळ दूध सोडतं, अशी भीती काहीजणी घालतात. वास उतरतो, हे खरं. पण अमेरिकेत १९९१ साली छापलेल्या एका अभ्यासात आईने लसूण घेतल्यावर बाळं उलट जास्त वेळ अंगावर पीत राहिली. ताईला म्हणावं, बिनधास्त खा.

बाळाच्या अंगाला मात्र कच्चा लसूण लावायचा नाही. छाती भरली म्हणून, ताप आला म्हणून ठेचलेला लसूण तळव्याला, छातीला बांधतात. त्याने कातडी भाजते, फोड येतात. मोठ्या माणसांचीही भाजते. दुखऱ्या दाढेखाली पाकळी धरून हिरडी सोलवटून घेणारे थोडे नाहीत. तिळाच्या तेलात लसूण कढवून कानात घालायची चालही आपल्याकडे आहे. ती मोडा. पडद्याला भोक असेल तर ते तेल आत उतरतं, आणि पडदा धड आहे की नाही हे घरात बसून कळत नाही. माझ्या सासूबाईंनी सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी मी पुढे चालवल्या, ही चालवली नाही.

वेळ वाचावा म्हणून तू आठवड्याचा लसूण चिरून तेलात बुडवून ओट्यावर ठेवतोस, असं ताई म्हणाली. हे आजच्या आज थांबव. लसूण मातीतला, त्याच्याबरोबर मातीतल्या एका जंतूची बीजं येतात. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, आणि उबेला तो जंतू असं विष करतो की माणसाचे स्नायू लुळे पडतात. त्याला बॉट्युलिझम म्हणतात. वासाने, चवीने काही कळत नाही. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात तेलातल्या चिरलेल्या लसणाने ३६ माणसं आजारी पडली होती. ठेवायचाच असेल तर फ्रीजमध्ये ठेव आणि चार दिवसांत संपव. नाहीतर नुसता सोलून कोरडा ठेव आणि लागेल तसा ठेच. तुझ्याबरोबर राहणाऱ्या मुलाचं कुत्रं आहे ना, त्यालाही लसूण-कांदा घातलेलं उरलंसुरलं घालू नका. माणसाला मानवतं ते कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं.

घेताना गड्डा दाबून पाहा. टणक, कोरडा, साल घट्ट असलेला घे. नवा लसूण आपल्याकडे होळीच्या आगेमागे निघतो, तो ओलसर असतो, साठवायचा तर आधी चांगला वाळू द्यावा. फ्रीजमध्ये नको, त्याला कोंब फुटतात. जाळीच्या पिशवीत वारा लागेल असा टांग. कोंब आला म्हणून टाकू नकोस. त्या पाकळ्या कुंडीत रोव, पंधरवड्यात पात येते. ती चिरून आमटीवर, थालीपिठात, अंड्याच्या पोळीत घाल. काळी बुरशी धरलेला गड्डा मात्र पुरा फेकायचा. लिंबाच्या लोणच्यात लसूण हिरवा-निळा पडला तर घाबरू नकोस, आंबटामुळे होतं ते, खायला चालतो.

ऑफिसात तोंडाला वास येतो ही तुझी अडचण मला कळते. दात कितीही घासले तरी तो पुरता जात नाही, कारण लसणातलं एक द्रव्य रक्तातून फुप्फुसात येतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. जेवतानाच दूध किंवा दही घे, वर पुदिन्याची पानं किंवा सफरचंदाची फोड चावून खा. बराच कमी होतो. नाहीतर कच्ची चटणी रात्रीच्या जेवणाला ठेव.

कांदेनवमीनंतर चातुर्मासात आपल्या घरात लसूण येत नाही, मग तेव्हा तब्येतीचं काय, असंही तुझ्या मनात येईल. काही होत नाही. तुळशीची माळ घातलेले तुझे पणजोबा जन्मभर लसणावाचून राहिले आणि ठणठणीत जगले. लसणावाचून शरीराचं काही अडत नाही.

मग इतकं कशाला लिहिलं? माझ्या मते लसणाचा सगळ्यात मोठा गुण ताटात दिसतो. तांदुळजा, अंबाडी, चाकवत, शेपू या भाज्या तू लहानपणी ताटाबाहेर सारायचास. लसणाची फोडणी बसली की त्याच भाज्या दोन-दोन वाट्या खायचास. ज्वारीची भाकरी लसणाच्या चटणीबरोबर घशाखाली उतरते, आणि बाहेरचं मागवावंसं वाटत नाही. लसूण सढळ असला की मीठही कमी लागतं, आणि रक्तदाबाला मीठ कमी होणं हे फार महत्त्वाचं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा. म्हणून चटणी करशील तेव्हा मिठाचा हात आखडता घे. एक गड्डा लसूण, अर्धी वाटी सुकं खोबरं मंद भाजून, दोन चमचे लाल तिखट, चिमूटभर जिरं, आणि अर्ध्या चमच्याहून कमी मीठ. मिक्सरमध्ये पीठ करू नकोस, खलबत्त्यात ओबडधोबड कूट. फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहते.

येत्या रविवारी चटणी करून पाहा. आणि त्याआधी बाबाला फोन करून त्याची बीपीची गोळी चालू आहे का ते विचार. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल.

तुझी आजी