आरोग्याचा पाठ : यकृतातील गाठ आणि सोनोग्राफी



पाटाच्या पाण्याबरोबर गाजरगवताचे बी वाहत येते आणि आपल्या सरीत रुजते, हे आपण दरसाल पाहतो. कॅन्सरचेही तसेच आहे. जठर, आतडी व स्वादुपिंड यांतील रक्त एका मोठ्या शिरेने थेट यकृताकडे जाते. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी त्याच वाटेने यकृतात येऊन ठाण मांडतात. सुरुवातीला दुखत नाही, कावीळही दिसत नाही. म्हणून रोगी धडधाकट वाटला तरी डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात.

विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना? तेच तत्त्व येथे आहे. कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला सुमारे २० ते ५० लाख कंपनांचा आवाज पोटात सोडतात. त्याच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. यात क्ष-किरण नसतात, दुखतही नाही. पोटातील गाठी अशा रीतीने पाहता येतात, हे ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवून दिले.

निरोगी यकृत एकसारखे करडे दिसते. पसरलेली गाठ काळपट, पांढुरकी किंवा काळ्या कड्याची दिसते. पण प्रत्येक डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पाण्याची किंवा रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठही असू शकते. खात्रीसाठी सीटी, एमआरआय किंवा सुईने तुकडा काढून तपासणी करतात. उलट, एक सेंटिमीटरहून लहान गाठ निसटू शकते. आतड्यातला वायू आणि यकृतातली चरबीही चित्र झाकते. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी चुकवू नये.

ध्यानात ठेवा :
१. तपासणीपूर्वी सहा ते आठ तास उपाशी राहावे. मधुमेह असल्यास औषधाबद्दल आधी विचारावे.
२. जुने रिपोर्ट व फिल्म बरोबर न्याव्यात. गाठ वाढली की आटली, हे तुलनेनेच कळते.

“ऊस तुटून जाऊ दे, मग बघू,” असे आपल्यात पुष्कळदा म्हणतात. उसाची तोड चार दिवस मागेपुढे झाली तर थोडे वजन घटेल, इतकेच. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये यकृतात गाठी थोड्या असतील, तर काही रोग्यांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात आणि उरलेले निरोगी यकृत पुन्हा वाढते. ही संधी वेळेवर गेलेल्यालाच मिळते. तेव्हा हंगामाची वाट पाहू नका.