नाताळची तयारी आणि 'ठेवणे' हे क्रियापद

(मोठ्या गटासाठी. लहान गटाने फक्त संवाद वाचावा. पालकांनी घरी एकदा मोठ्याने वाचून दाखवल्यास उत्तम.)



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत इथल्या दुकानांत नाताळचे दिवे लागलेले असतात. आपल्या घरांत म्हणजे एका लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू! आपल्यापैकी काहींचा नाताळ हा स्वतःचा सण आहे. इतरांचा नसला तरी शाळा, ऑफिस, शेजारी, सुट्ट्या, बस, दवाखाना सगळे महिनाभर त्याच्याभोवतीच फिरते, त्यामुळे तयारी कोणालाच चुकत नाही. म्हणून या वेळचा पाठ त्याच विषयावर घेतला आहे.

आधी एक शब्द. 'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत या सणाला 'नाताल' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जन्माचा'. पाव, बटाटा, चावी, साबण यांनी जी वाट धरली तीच याने धरली. तेव्हा मराठी बोलताना 'ख्रिसमस' म्हणायला हरकत नाही, पण 'नाताळ' आपला जुना शब्द आहे, तो विसरू नका.

आता संवाद वाचा. यात बोलण्यातली रूपे मुद्दाम तशीच ठेवली आहेत.

(गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. आई उद्याचे डबे भरते आहे.)

मुलगी : आई, उद्या शाळेत नाटक आहे. मी मेंढपाळ आहे.

आई : उद्या? आणि हे आत्ता सांगतेस?

मुलगी : बाईंनी चिठ्ठी दिली होती. मी दप्तरात ठेवली होती.

आई : दप्तरात ठेवलीस, पण मला सांगून नाही ठेवलंस! आता रात्री साडेनऊला मेंढपाळाचे कपडे कुठून आणू?

आजी : अगं, त्यात काय एवढं? यांचा पंचा आहे ना, कालच धुऊन ठेवलाय. तो डोक्याला गुंडाळू. माझी शाल खांद्यावर. झाला मेंढपाळ.

बाबा : काठी हवी ना? छत्री दे तिला.

मुलगी : बाबा, मेंढपाळाकडे छत्री नसते!

आजी : आमच्याकडच्या धनगरांकडे असते हो, पावसाळ्यात. पण घोंगडी जास्त बरी.

आई : सुट्टी लागेपर्यंत आणखी काय काय आहे, ते आत्ताच सांगून टाक.

मुलगी : सोमवारी नाताळचा स्वेटर घालून जायचंय. मंगळवारी पार्टीला एक पदार्थ न्यायचाय. आणि बाईंना कार्ड.

आई : हे सगळं कागदावर लिहून ठेव. तुझ्या हाताने. आणि फ्रिजवर लाव.

या संवादात 'ठेवणे' किती वेळा आले ते मोजा. 'दप्तरात ठेवली' यात ठेवणे म्हणजे खरोखरच एखादी वस्तू एका जागी ठेवणे. पण आजीने पंचा धुऊन ठेवला, तो काही कुठे 'ठेवण्या'बद्दल ती बोलत नाही. तिला म्हणायचे आहे की पुढे लागेल म्हणून आधीच धुतला. 'सांगून ठेवणे', 'लिहून ठेवणे' यांचेही तसेच. इंग्रजीत ज्यासाठी दोन-तीन जादा शब्द लागतात ते मराठी एका क्रियापदाला दुसरे जोडून सांगते. आणून ठेवणे, विचारून ठेवणे, ठरवून ठेवणे, भरून ठेवणे. काम आज, उपयोग उद्या. आपल्या भाषेत पूर्वतयारी ही अशी क्रियापदातच बसवलेली आहे.

'सांगून टाक' मात्र वेगळे. 'टाकणे' जोडले की काम एकदाचे उरकण्याचा भाव येतो. 'कार्डे लिहून टाक' म्हणजे संपव एकदा ती कटकट. 'कार्डे लिहून ठेव' म्हणजे आत्ता लिही, पाठवायची नंतर. आणि 'पत्ता लिहून घे' म्हणजे मी सांगतो तो तुझ्यासाठी उतरवून घे. तिन्ही वाक्ये घरी म्हणून पाहा. आईच्या आवाजातला फरकही ऐकू येईल.

दुसरी जोडी '-त ठेवणे' अशी आहे : भिजत ठेवणे, मुरत ठेवणे, वितळत ठेवणे. इथे काम आपण करत नाही, ते आपोआप होत राहते. आपण फक्त वेळेवर सुरू करून द्यायचे. (यालाच 'भिजत घालणे' असेही म्हणतात. पण 'भिजत घोंगडे' म्हणजे कोणी निर्णय न घेता वर्षानुवर्षे पडून राहिलेले प्रकरण. आजीच्या धनगराच्या घोंगडीशी त्याचा घोळ घालू नका.)

भूतकाळात आपल्या वर्गात हमखास होणारी चूक : 'मी कार्डे लिहून ठेवलो.' चूक! कर्ता कोणीही असो, क्रियापद कर्माच्या मागे जाते. मी यादी करून ठेवली. मी केक करून ठेवला. मी पुडिंग करून ठेवले. मी कार्डे लिहून ठेवली. मुलगा बोलो की मुलगी, वाक्य तेच. आणि ज्या क्रियापदाला कर्मच नाही त्याला हे 'ठेवणे' सहसा लागत नाही. 'मी झोपून ठेवले' असे कोणी म्हणत नाही. डिसेंबरात सगळ्या आयांना ते हवे असते, तो भाग वेगळा.

आता व्याकरण थोडे बाजूला ठेवून प्रत्यक्ष तयारीकडे वळू. तयारीची मोजणी २५ डिसेंबरपासून उलटी करायची असते.

सर्वांत आधी सुरू होते ते पुडिंग. अ‍ॅडव्हेंटच्या आधीचा रविवार, म्हणजे नाताळच्या सुमारे पाच आठवडे आधी, इथे 'स्टर-अप संडे' म्हणून ओळखतात. नाव त्या दिवशीच्या चर्चमधल्या प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांवरून पडले. घरातल्या प्रत्येकाने मिश्रण एकदा ढवळायचे आणि मनात इच्छा धरायची अशी रीत आहे. मग पुडिंग तासन्‌तास वाफवून थंड जागी ठेवून देतात आणि नाताळला पुन्हा वाफवतात. मधल्या काळात ते मुरते. हा शब्द आपण लोणच्याला वापरतो तोच, आणि इथेही तो अगदी चपखल बसतो. शाकाहारी घरांनी वेष्टन वाचून घ्यावे. पारंपरिक पुडिंगात गुरांची चरबी घालतात. वनस्पतिजन्य चरबीचेही सहज मिळते.

गोव्याकडच्या घरांत हेच काम नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि बेबिंका यांचे. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. बेबिंकेचा एक थर भाजून लाल झाल्याशिवाय त्यावर दुसरा ओतता येत नाही, त्यामुळे ती ऐनवेळी होतच नाही. ज्यांच्या आयांनी दिवाळीत करंज्यांसाठी चार मैत्रिणी गोळा केल्या होत्या, त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको.

मग कार्डे. पहिले विक्रीचे नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल या गृहस्थांनी ते चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून काढून घेतले. सणाच्या दिवसांत इतक्या जणांना हाताने पत्रे लिहिणे कोलसाहेबांना जमेना, म्हणून ही युक्ती. म्हणजे कार्ड निघाले ते मुळात दगदग कमी करण्यासाठी! आज आपण साठ कार्डे लिहीत मध्यरात्रीपर्यंत बसतो, हे त्यांना पाहवले नसते. वीस माणसांना मनापासून लिहा, उरलेल्यांना फोन करा, असे माझे मत आहे. रॉयल मेल दरवर्षी टपालाच्या शेवटच्या तारखा आधी जाहीर करते. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटाची तारीख पहिल्याच्या आधी असते आणि भारताची त्याहून कितीतरी आधी. आजी-आजोबांना पार्सल पाठवायचे तर ते पहिले काम. ड्रॉवरमधली जुनी तिकिटेही पाहून ठेवा. राणीचे नुसते मस्तक असलेली, बारकोड नसलेली रोजची तिकिटे ३१ जुलै २०२३ नंतर चालत नाहीत.

इथे एक भाषेची गंमत. 'वीस तारखेपर्यंत कार्ड पाठव' आणि 'वीस तारखेपर्यंत शाळा आहे.' इंग्रजीत पहिल्यासाठी 'बाय' आणि दुसऱ्यासाठी 'अन्टिल', मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'. अर्थ क्रियापद ठरवते. पाठवणे एकदाच होते, शाळा चालू राहते. वीस तारीख मोजायची की नाही असा वाद होऊ नये म्हणून जुनी माणसे 'वीस तारीख धरून' म्हणतात. फार उपयोगी शब्दप्रयोग आहे, वापरात आणा.

टर्की करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला किलोमागे दहा ते बारा तास लागतात. सहा-सात किलोची असेल तर चार दिवसांपर्यंत. ती बाहेर ओट्यावर वितळत ठेवू नये. पूर्ण वितळलेली नसेल तर आतून कच्ची राहते आणि घरभर पोटे बिघडतात.

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात : मोठ्या गोतावळ्यात चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच भेट द्यावी आणि रक्कम आधी ठरवून ठेवावी. भारतात जाणाऱ्यांनी पासपोर्टची मुदत आजच पाहून ठेवावी. २६ डिसेंबरच्या 'बॉक्सिंग डे'चे नाव नोकरचाकर आणि फेरीवाल्यांना पेटीतून द्यायच्या बक्षिसावरून पडले असे मानतात. म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच. तुमच्या पोस्टमनची पोस्त मात्र आधीच द्या.

सगळ्यांत महत्त्वाचे ते आता, कारण यात घोळ झाला तर नुसती तारांबळ होऊन भागत नाही. २५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे नसते, बस नसते. देशभर रेल्वे जवळपास बंद असते आणि २६ला फार थोड्या गाड्या धावतात. २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४च्या कायद्यानुसार नाताळच्या दिवशी उघडता येत नाहीत. डॉक्टरांचे दवाखाने बँक हॉलिडेला बंद. २५ तारीख शुक्रवारी आली तर सोमवारी बदली सुट्टी धरून सलग चार दिवस. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या २४ला संध्याकाळी संपल्या तर काय? म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्या मोजून ठेवा आणि औषधाची नवी चिठ्ठी वेळेवर मागवून ठेवा. भारतातून आलेले आजी-आजोबा बहुधा तिकडूनच औषधे आणतात आणि "आहेत गं पुष्कळ" म्हणतात. त्यांच्यावर अविश्वास न दाखवता डबा उघडून पाहा. जिवाला धोका नसलेल्या पण तातडीच्या वैद्यकीय सल्ल्यासाठी १११ आणि जिवावर बेतले तर ९९९ हे क्रमांक सुट्टीतही चालू असतात. ते फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवा.

तसेच ओळखीचा एखादा विद्यार्थी, एखादी नर्स, एकटे राहणारे काका यांना जेवायला बोलावणार असाल तर त्यांना आणायला आणि सोडायला कोण जाणार हे त्याच वेळी ठरवा. "या हं नक्की" एवढे म्हणून भागत नाही. बस नसेल तर माणूस येणार कसा? तो बिचारा संकोचाने तुम्हाला विचारणारही नाही, आणि भाड्याच्या खोलीत दिवसभर एकटा बसून राहील.

शेवटी संवादाकडे पुन्हा पाहा. पंचा धुऊन कोणी ठेवला? आजीने. डबे भरून कोण ठेवते? आई. बाबांनी एक छत्री सुचवली, तीही नापास झाली! आपल्या बहुतेक घरांत 'ठेवणे'चा कर्ता बहुतेक वेळा एकच असतो आणि वाक्यात तो दिसतही नाही : 'कार्डे आणून ठेवली आहेत', 'केक करून ठेवला आहे.' कोणी? मराठीत हे न सांगताही वाक्य पूर्ण होते, आणि मग ते विचारायचे राहून जाते.

शब्दार्थ

धांदल : एकाच वेळी अनेक कामांची घाई.
तारांबळ : काय करावे न सुचून होणारा गोंधळ.
दगदग : धावपळीने शरीराला होणारा थकवा.
ताण : मनावरचा दाब.
ऐनवेळी : अगदी गरजेच्या क्षणी.
आगाऊ : (१) वेळेच्या आधी, जसे आगाऊ रक्कम, (२) उद्धट, जसे आगाऊ कार्टे. कोणता अर्थ आहे ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे.
पोस्त : सणाला नोकरचाकरांना द्यायचे बक्षीस.

अभ्यास

१. 'ठेवणे', 'टाकणे' आणि 'घेणे' जोडून 'वाचून' या शब्दाची तीन वाक्ये करा.

२. पाच किलोची गोठलेली टर्की २५ तारखेला सकाळी आठ वाजता ओव्हनमध्ये घालायची आहे. किलोमागे बारा तास धरून ती फ्रिजमध्ये कधी वितळत ठेवाल? उत्तर पूर्ण वाक्यात, तारीख आणि वेळ अक्षरांत लिहा.

३. चूक सुधारा : 'ताईने पुडिंग करून ठेवली. मी यादी लिहून ठेवलो. बाबांनी तिकिटे आणून ठेवला.'

४. या आठवड्यात घरात पुढच्यासाठी जी जी कामे 'करून ठेवली' गेली त्यांची यादी करा. प्रत्येक वाक्यात कर्ता लिहायलाच हवा (आईने, बाबांनी, मी...). त्यातले पुढच्या आठवड्यात तुम्ही घेणार ते एक काम निवडून त्याखाली रेघ मारा आणि घरी तसे सांगून ठेवा. वही पुढच्या वर्गाला आणावी.