फोटो एका बाजूचा साक्षीदार



एका घरी आजींच्या वर्षदिनाच्या प्रार्थनेला गेलो होतो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. धाकट्या नातीने विचारले, “आजी खूप रागीट होती का?” सगळे गप्प झाले. आजी तर घरादाराला हसवणाऱ्या! कॅमेऱ्यासमोर तेवढ्या क्षणापुरत्या त्या अवघडल्या होत्या.

मग तो फोटो खोटा का? नाही. फोटो खरेच सांगतो, पण एका क्षणाचे आणि एका बाजूचे.

आपण मलकापूरहून भुसावळला नेहमी जातो. तेथे रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. 1844 साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. अनेक वर्षे खपून त्यांनी चित्रे केली. ती लंडनला गेली आणि 1866 च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. गिल यांनी लेण्यांचे फोटोही काढले. त्या फोटोंत रंग नव्हते, पण त्यांची एक गंमत होती. एकाच दृश्याचे, किंचित वेगळ्या बाजूंनी घेतलेले दोन फोटो शेजारी लावत. खास भिंगांतून उजव्या डोळ्याने एक व डाव्याने दुसरा पाहिला, की लेणे खोलवर गेलेले दिसे. हा खोलपणा दोहोंपैकी एकाही फोटोत नसतो. दोन बाजू एकत्र आल्यावर आपले मन तो घडवते.

आठवणीचेही तसेच आहे. संत ऑगस्टीन यांनी स्मृतीला विशाल राजवाड्याची उपमा दिली. तेथे वस्तू नसतात, त्यांच्या प्रतिमा असतात. त्या नातीच्या राजवाड्यात आजीची एकच प्रतिमा होती. म्हणून तिच्यासाठी तीच संपूर्ण आजी झाली. चूक फोटोची नव्हे; दुसरी बाजू सांगायची आपण राहून गेलो.

आज मोबाईलमध्ये हजारो फोटो असतात. फोटो आहे म्हणजे आठवण आहे, असे समजून आपण सांगणेच सोडून देतो. सांगणारी पिढी गेली, की उरतात ते अनोळखी चेहरे.

या आठवड्यात एवढे करू या. घरातील एक जुना फोटो काढा. मागे पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहा. मग मुलांना जवळ बसवून त्या फोटोत न आलेली एक गोष्ट सांगा.

विचारासाठी: एकाच प्रसंगावरून आपण कोणाची कायमची प्रतिमा मनात ठरवून टाकली आहे का? तिची दुसरी बाजू कोणाला विचारता येईल?