‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कोणाची मान्यता?

२०१५ च्या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर मी कागदपत्र पडताळणीच्या रांगेत उभी होते. पद होतं चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचं, म्हणजे जाहिरातीच्या इंग्रजी भागात ज्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हटलेलं असतं ते. माझा नंबर आला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. टेबलापलीकडच्या भाऊसाहेबांनी माझी फाइल उघडली, एम. ए. ची गुणपत्रिका पाहिली, पदविकेचं प्रमाणपत्र पाहिलं, ते उलटून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि विचारलं, “आरसीआय कुठंय?”

“सर, ही पदविका मान्यताप्राप्त आहे.”

“असेल, ताई. मी आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारतोय.”

मी प्रमाणपत्रावरचा सोनेरी शिक्का दाखवला. त्यांनी काही न बोलता जाहिरातीची प्रत माझ्याकडे सरकवली आणि शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रकाना मी घरी दहा वेळा वाचला होता. ‘मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी’ एवढे शब्द दिसले की माझा जीव भांड्यात पडायचा आणि पुढची ओळ डोळ्यांखालून तशीच निघून जायची. पुढच्या ओळीत दोन वर्षांचं एम. फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडची, म्हणजेच आरसीआयकडची, नोंदणी मागितली होती. माझ्या अर्जावर लाल शाईने ‘अपात्र’ असं लिहिलं गेलं. खाली बाबा उभे होते. एस. टी. तली आपली ड्यूटी बदलून घेऊन ते माझ्यासोबत आले होते.

त्या पदविकेसाठी बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलले होते. शिकवणाऱ्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, ‘शासनमान्य अभ्यासक्रम. पूर्ण केल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येईल.’ संस्था नोंदणीकृत होती, हे खरं होतं. पण संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असणं आणि तिच्या अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता असणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला कुणी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. हे लिहायला बसले ते त्यासाठीच. आजही माझ्याकडे महिन्याला दोन-तीन मुली, मुलं फोन करतात आणि त्यांची वाक्यं ऐकताना मला माझा तो सोनेरी शिक्का आठवतो.

आधी कायद्याचं सांगते, कारण तो साधा आहे आणि तरीही लोक तिथेच अडखळतात. भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यावसायिकांची एक केंद्रीय नोंदवही ती ठेवते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यात येतात. ज्या संस्थेचा अभ्यासक्रम परिषदेने मंजूर केलेला आहे, तिथून तो पुरा करायचा, मग नोंदणी करायची, मग क्रमांक मिळतो. नोंदणी नसताना हे काम केलं, तर त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि त्याने ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कोणाला म्हणायचं याची व्याख्याच दिली. परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची अर्हता, नाहीतर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम. फिल., तेही देखरेखीखाली रुग्णांसोबत केलेल्या प्रशिक्षणासह. ‘पूर्णवेळ’ आणि ‘देखरेखीखाली’ हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा.

म्हणजे नुसती एम. ए. पुरत नाही. ‘क्लिनिकल’ हा विशेष विषय घेतलेली विद्यापीठाची नेहमीची एम. ए. सुद्धा पुरत नाही. मानसशास्त्रातली पीएच. डी. ही मोठी पदवी आहे, पण तेवढ्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. समुपदेशनाच्या पदविकेने तर नाहीच. आणि एक उलटा गैरसमजही असतो: यासाठी एम. बी. बी. एस. लागत नाही. औषध लिहून देणारा तो मनोविकृतीतज्ज्ञ, त्याची वाट वैद्यकीय शिक्षणातून जाते. आपण औषध लिहीत नाही. आपण तपासतो, मानसशास्त्रीय चाचण्या घेतो, अहवाल लिहितो, मानसोपचार करतो.

त्या दिवशी परतीच्या एस. टी. त मला हे सगळं अन्यायाचं वाटत होतं. मार्क चांगले होते, फ्रॉइडपासून बेकपर्यंत सगळे पाठ होते. एक कागद नाही म्हणून मला बाहेर काढलं, असं वाटत होतं. त्या कागदामागे काय असतं ते कळायला मला रांचीला जावं लागलं.

पण त्याआधी वर्षभर मी समुपदेशक म्हणून काम केलं आणि ते मी वाया गेलेलं मानत नाही. सरकारी यंत्रणेत समुपदेशकांची पदं वेगळी असतात. एचआयव्ही तपासणी केंद्रात, किशोरवयीन मुलामुलींच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी चालते, एम. फिल. मागत नाहीत. घरची ओढाताण असेल तर हे काम जरूर धरावं. फक्त त्या खुर्चीवर बसून स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ नये, आणि पाटीवर तर मुळीच लिहू नये.

एम. फिल. च्या प्रवेशासाठी एम. ए. ला किमान ५५ टक्के लागत, राखीव प्रवर्गांना ५०. त्यानंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. जागा सगळीकडे मोजक्याच. बंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, दिल्लीची इहबास, तेजपूरची संस्था, आपल्याकडे पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, अशा ठिकाणी हे शिक्षण होत आलं आहे. पहिल्या वर्षी मला कुठेच मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, रांचीला मिळालं. केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये विद्यावेतन मिळतं, हे मला आधी माहीतच नव्हतं. बाबांना पुन्हा निधीतून काही काढावं लागलं नाही.

कांके हा रांचीजवळचा भाग. तिथे १९१८ मध्ये सुरू झालेलं हे जुनं रुग्णालय. पहिल्याच महिन्यात एक विशीतली बाई वॉर्डात आली. सासरच्यांनी सांगितलं, नवऱ्याशी भांडण झाल्यापासून बोलत नाही, जेवत नाही, मध्येच काहीबाही बडबडते. मी दीड पान लिहून काढलं: वैवाहिक ताण, दबलेला राग, असं बरंच काही. आमच्या मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “आज वार कोणता, हे तिला विचारलंस का?” मी विचारलं नव्हतं. त्यांनी मला तिच्याकडून वीसपासून उलटे आकडे म्हणवून घ्यायला सांगितलं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सकाळी ती अडखळत का होईना, एकापर्यंत आली. संध्याकाळी सोळावर थांबली आणि खिडकीकडे बघत राहिली. अशी चढउतार होणारी शुद्ध मनाच्या दुखण्यात सहसा दिसत नाही, शरीरात काहीतरी बिघडलंय असं ती ओरडून सांगत असते. डॉक्टरांनी त्याच रात्री तिला हलवलं. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग निघाला. तीन आठवडे तिचं डोकं दुखत होतं, कणकण होती, पण भांडणाच्या गोष्टीत ते कुणाला सांगावंसंच वाटलं नव्हतं.

माझी पदविका घेऊन मी कुठे केबिन थाटली असती, तर मी त्या बाईला आठवड्यातून एकदा नवऱ्यासह बोलावलं असतं. ती किती आठवडे आली असती, याचा विचार मी आजही करते. तो कागद मागणारे भाऊसाहेब बरोबर होते.

दोन वर्षांत हेच चालतं. एक रुग्ण, त्याची सविस्तर हकिगत, चाचण्या, अहवाल, आणि मग वरिष्ठांसमोर उभं राहून प्रत्येक वाक्याचा जाब द्यायचा. परीक्षेला पूर्ण निदान-अहवाल आणि मानसोपचाराच्या नोंदी सादर कराव्या लागतात, शिवाय प्रबंध. हे दूरस्थ शिक्षणाने का होत नाही, ते यावरून कळेल.

२०१८ मध्ये परत आले आणि एका जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमात लागले. आठवड्यातले काही दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी, बाकीचे दिवस गाडीने ग्रामीण रुग्णालयांत. अपंगत्व प्रमाणपत्रांच्या दिवशी बाहेर बाकांवर जागा नसते. तिथे एकदा एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. दप्तरात कुणीतरी खासगीत दिलेला अहवाल होता: बुद्ध्यांक ४८, मध्यम मतिमंदत्व. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक नाही. कोणती चाचणी घेतली तेही लिहिलेलं नव्हतं. शाळेने त्या कागदावरून मुलाला मागच्या बाकावर बसवलं होतं.

मी सेगाँ फॉर्म बोर्ड टेबलावर ठेवला. लाकडी पाट, त्यात दहा आकारांचे खड्डे, आणि चांदणी, अर्धगोल, फुली असे दहा ठोकळे. ठोकळे बाहेर काढून रचून ठेवायचे आणि मुलाने ते आपापल्या खड्ड्यात बसवायचे. मी घड्याळ लावलं. पोरगं पुढे झुकलं आणि हात एकदाही न थांबवता ते सगळे ठोकळे बसवून मोकळं झालं. मग मी त्याच्या पाठीमागे उभी राहून हलकेच नाव घेतलं. तो वळला नाही. जरा मोठ्याने घेतलं. तरी नाही. आई म्हणाली, “मॅडम, तो ऐकतो, पण मनावर घेत नाही.” मी त्याला कान-नाक-घसा विभागात पाठवलं. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. आधीच्या माणसाने त्याला तोंडी प्रश्न विचारले होते आणि उत्तरं आली नाहीत म्हणून गुण कापले होते.

आपल्या हातातल्या बऱ्याच चाचण्या याच मातीत घडल्या आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. व्ही. व्ही. कामतांनी बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, मालिन यांनी नागपुरात बसून भारतीय मुलांसाठी बुद्धिमापनाची चाचणी रचली. पण चाचणी पुस्तकाच्या दुकानात मिळाली, म्हणून ती कुणीही घ्यावी असं होत नाही. त्या मुलाच्या नावावर तो ४८ चा आकडा आयुष्यभर राहिला असता.

आता ज्यांना या वाटेने यायचं आहे त्यांच्यासाठी. गेल्या काही वर्षांत वाट बरीच बदलली आहे, म्हणून माझ्या वेळची माहिती जशीच्या तशी धरू नका. नव्या शैक्षणिक धोरणात एम. फिल. बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सवलत दिली, ती २०२५-२६ च्या सत्रापर्यंतच्या प्रवेशांची. ज्यांनी ते रीतसर केलं त्यांचं एम. फिल. वैधच आहे. पुढच्यांसाठी परिषदेने सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) आणि आपल्या मान्यतेची एम. ए. क्लिनिकल सायकॉलॉजी असे अभ्यासक्रम आणले आहेत. आणि इथेच नवा खड्डा आहे. ‘एम. ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ याच नावाच्या पदव्या अनेक विद्यापीठं आधीपासून देत आली आहेत, परिषदेच्या मान्यतेशिवाय. नाव एकच, किंमत वेगळी. गुणपत्रिकेवर दोन्ही सारख्याच दिसतील, पडताळणीच्या टेबलावर दिसणार नाहीत. परिषदेची एक वर्षाची व्यावसायिक पदविका कुणाकडे असली, तरी जाहिरातीत एम. फिल. मागितलं असेल तर तिच्यावर भागत नाही. आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम आयोगाने थांबवले आहेत. कुणी अजून घरबसल्या पदवीची जाहिरात करत असेल तर तिथे पैसे भरू नका.

प्रवेशाआधी संस्थेकडे परिषदेचं मान्यतेचं पत्र मागा. ‘आमची मान्यता आहे’ या तोंडी शब्दावर जाऊ नका. पत्रात तीन गोष्टी बघा: अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, जागांची संख्या, आणि मान्यता कोणत्या सत्रापासून कोणत्या सत्रापर्यंत आहे. मान्यता कायमची नसते. आपल्या प्रवेशाचं वर्ष त्यात बसलं पाहिजे. मग तेच नाव परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. शिकून झाल्यावर नोंदणीला उशीर करू नका, कारण अर्जाच्या शेवटच्या तारखेला क्रमांक हातात नसला की निकाल लागलेला असूनही बाहेर बसावं लागतं. नोंदणीचं नूतनीकरणही करत राहावं लागतं.

नोकरीबद्दलही स्पष्ट सांगते. मानसिक आरोग्य कार्यक्रमातली पदं बहुधा कंत्राटी असतात, अकरा-अकरा महिन्यांची. दर वर्षी आदेशाची वाट बघताना पोटात गोळा येतो. कायम पदं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असतात, पण ती क्वचित निघतात आणि त्यांचे सेवाप्रवेश नियम वेगळे असतात. प्रत्येक जाहिरात नव्याने वाचा, अर्हतेचा रकाना शेवटच्या शब्दापर्यंत.

गेल्या महिन्यात मावसबहिणीची मुलगी बसस्टँडवरून फोनवर बोलत होती. “मावशी, उद्या फीची शेवटची तारीख आहे, सर म्हणतात सीट जाईल.”

“पैसे भरलेस?”

“नाही अजून.”

“मग आधी पत्र मागव. फोटो काढून मला पाठव.”

संध्याकाळी फोटो आला. अभ्यासक्रमाचं नाव बरोबर होतं, जागाही लिहिलेल्या होत्या. मान्यतेची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली होती. मी तिला ती ओळ गोल करून परत पाठवली. रात्री तिच्या वडिलांचा फोन आला. पैसे कुठून उभे केले होते ते त्यांनी सांगितलं, आणि मग बराच वेळ आम्ही पुढच्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेबद्दल बोललो.