चाक म्हणजे कपाट नव्हे

बजाजनगर, वाळूज
अक्षय्य तृतीया

चि. विशाल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला. दसऱ्याला परभणीच्या एमआयडीसीत शेड सुरू करायचं आणि लोखंडी कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या यांच्या जोडीला गाड्यांची चाकंही पावडर कोटिंगला घ्यायची, असं तू म्हणालास. मी नुसतं ‘बरं आहे’ म्हणालो, ते तुला कोरडं वाटलं असेल. पण जे सांगायचं ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

धंदा चांगला निवडलास, हे आधी सांगतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल चाकाला चिकटून वाळला की दगड होतो आणि खरवडताना स्प्रेचा रंग सोबत घेऊनच निघतो. पावडरीत थिनर नसतं. विजेचा भार घेतलेला कण अर्थिंग दिलेल्या चाकाला जाऊन चिकटतो, ओव्हनमध्ये वितळतो आणि 60 ते 80 मायक्रॉनची एकसंध कातडी होते. तिचं टिकणं वेगळंच. लोक हौसेनं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात. ही विद्याही जर्मनीतलीच. एर्विन गेमर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हवेवर तरंगणाऱ्या पावडरीत तापलेला धातू बुडवून ती उभी केली. विजेची गन आली ती त्यानंतरच्या दशकात.

पण बाळा, कपाटाचा रंग उडाला तर घरमालक कुरकुरतो. चाकाचं काम चुकलं तर गाडीत बसलेली माणसं जातात.

माझ्या हातून काय झालं, ते तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेलं नाही. नोकरी सोडून मी स्वतःचं जॉबवर्क नुकतंच सुरू केलं होतं. एका गिऱ्हाइकाची चार अलॉय चाकं आली, काळा चकचकीत रंग हवा होता. मी चाक सगळीकडून सारखं रंगवलं. नट जिथं बसतात त्या उतरत्या खोबणीत आणि हबला टेकणाऱ्या मागच्या सपाट भागावरही पावडर गेली, आणि दोन थर दिल्यामुळं जाडच बसली. चाकं इतकी सुंदर दिसत होती की मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. चौथ्या दिवशी जालन्याच्या रस्त्यावर त्या माणसाचं स्टिअरिंग थरथरू लागलं. त्यानं गाडी बाजूला घेतली, तर एका चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते. नटाखालचा रंग दाबानं चेपला होता आणि त्याबरोबर नटाची पकड गेली होती. गाडीत त्याची दोन लेकरं होती. कुणाला काही झालं नाही, पण ती रात्र मी बसून काढली.

तेव्हापासून माझा नियम आहे, तो तुझाही असू दे. नटाच्या खोबणी, मागचा टेकणारा भाग आणि मधलं भोक गन हातात घेण्याआधी सिलिकॉनच्या बुचांनी आणि उष्णता सोसणाऱ्या टेपनं झाकायचं. चाक बसवणाऱ्याला सांगायचं, की गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनंच नट आवळ आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपास. हे बिलावर मराठीत, मोठ्या अक्षरात छापून घे.

आता ओव्हन. गफलत इथंच जास्त होते. पॉलिएस्टर पावडर साधारण 180 ते 200 अंशांवर दहा-पंधरा मिनिटांत पिकते, पण ते तापमान धातूचं, ओव्हनमधल्या हवेचं नव्हे. कपाटाचा पत्रा चटकन तापतो. चाकाची कडा तापली तरी मधला जाड भाग मागंच असतो. काटा 200 दाखवतो, तू घड्याळ लावतोस आणि बाहेर येतं ते कच्चं चाक. दिसायला ते चकचकीतच असतं, पहिली खडी लागली की रंगाचा टवका उडतो. म्हणून थर्मोकपल चाकाच्या जाड भागाला लाव आणि वेळ तिथून मोज. मधेच लाइट गेली तर ते चाक अंदाजानं पास करू नकोस. पक्क्या रंगावर ब्लेडनं चौकटी पाडून टेप चिकटवून ओढली तरी काही निघत नाही. दर बॅचमध्ये चाकाच्या मधल्या भागाइतका जाड धातूचा एक तुकडा याच परीक्षेसाठी टांगत जा.

उलटी चूकही तितकीच वाईट. बहुतेक अलॉय चाकं ओतीव ॲल्युमिनियमची असतात. कारखान्यात त्यांना उष्णतेची प्रक्रिया करून ताकद आणलेली असते आणि तिचा शेवटचा टप्पा दीडशे अंशांच्या आसपासचा असतो. थोडा वेळ 200 अंश ते चाक सोसतं. तासन्‌तास ठेवलंस किंवा जुना रंग भट्टीत जाळून काढलास तर धातू मऊ पडतो आणि बाहेरून काही कळत नाही. रंगाआधी माल धुण्याच्या तुझ्या सात टाक्याही लोखंडासाठी आहेत. गंज काढायच्या ॲसिडमध्ये किंवा कॉस्टिकमध्ये अलॉय बुडवलंस तर ते खाल्लं जाईल. त्याची धुलाई वेगळ्या रसायनात, वेगळ्या टाकीत.

ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत हवा आणि तेल अडकलेलं असतं. ते रंग पिकताना बाहेर येतं आणि सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतं. रंगाआधी चाक रिकामंच एकदा पिकवण्यापेक्षा किंचित जास्त तापवून घे, म्हणजे जे निघायचं ते निघून जाईल. आऱ्यांच्या कोपऱ्यात पावडर जात नाही म्हणून गनचा व्होल्टेज वाढवू नकोस. तिथं तो कमी करावा लागतो. पावडर बाहेर वापरायच्या पॉलिएस्टरची घे. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते.

आणि परभणीचा उन्हाळा! पावडर तीस अंशांच्या आत, कोरड्या जागी ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये डब्यातल्या पावडरीचे गोळे होतील. एक छोटी गार खोली आधी बांध, ऑफिसची काच नंतर लाव. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं, त्यासाठी ड्रायर हवाच.

जुना रंग काढायच्या ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरायची नाही. स्वस्त पडते, हे मला माहीत आहे. पण वाळू फुटून तिची जी धूळ उडते ती पोराच्या छातीत बसते, आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइड घे, बंद कॅबिनेटमध्ये काम कर. तुझ्याकडे कामाला येणारी पोरं गावातलीच असतील, त्यांच्या आयांना तू ओळखतोस.

शेवटचं. ब्लास्टिंगनंतर चाक उघडं पडतं तेव्हा त्यावर भेगा शोध. लाल डाय मारून पुसलं आणि वर पांढरं डेव्हलपर मारलं, की भेगेत राहिलेली लाल रेघ उठून दिसते. भेग निघाली तर गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, चाक रंगवायचं नाही, परत द्यायचं. तुझ्या रंगाखाली ती भेग पुन्हा कुणालाच दिसणार नाही, म्हणून बघणारा शेवटचा माणूस तू आहेस.

ओव्हन आला की कळव. मी मराठवाडा एक्सप्रेसनं येतो, चार दिवस राहीन. पहिली चार चाकं दाजींच्या गाडीची करू. ती पावसाळाभर शेताच्या रस्त्यानं, चिखलातून पळू दे. दसऱ्याला ती धुऊन दोघं मिळून बघू, मगच बाहेरचं पहिलं चाक घे.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा