सगळं एकदम मागवू नकोस

अगं, लंडनच्या सोहोमधल्या त्या चायनीज वाइन बारमध्ये टीमबरोबर जायचं म्हणून काल फोनवर एवढी धास्तावलीस! ऐक, सांगते.

तिथे आधी स्टार्टर, मग जेवण असा क्रम नसतो. स्वयंपाकघरात जे आधी तयार होईल ते टेबलावर येतं. वेटर म्हणेल, माणशी तीन प्लेट लागतील. मान डोलव आणि निम्म्यावर सुरुवात कर. सगळं एकदम आलं की डंपलिंग गार होऊन वातड होतात, बिल वाढतं ते वेगळंच. आणि प्रत्येक प्लेटबरोबर वाढायचा चमचा माग. उष्ट्या चॉपस्टिक्स सगळ्यांच्या प्लेटमध्ये घालणं चिनी लोकांतल्या पुष्कळांनाही रुचत नाही. चॉपस्टिक्स भातात उभ्या मात्र खोचू नकोस. मृतांपुढे उदबत्त्या लावतात तसं दिसतं ते.

सिचुआन मिरीने जिभेला मुंग्या आल्या तर घाबरू नकोस, ती आपल्या तिरफळाच्याच कुळातली. फरक इतकाच की बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो, इथे ती भरडून घातलेली असते, म्हणजे सुटका नाही! आणि सोमवार असेल तर मापो टोफू टाळ. टोफू बघून शाकाहारी वाटतं, पण चेंगडूच्या मूळ पद्धतीत त्यात बीफचा खिमा असतो. पालेभाजीतही ऑयस्टर सॉस निघतो. विचारल्याशिवाय घेऊच नकोस.

आता वाइन. तिखटावर तुरट रेड घेतलीस तर तोंडाची आग वाढते. किंचित गोडसर जर्मन रीसलिंग माग, लेबलवर ‘काबिनेट’ असेल तर उत्तम. ती सहसा हलकी असते आणि तिच्या गोडव्याने तिखट सोसवतं. ग्लास 125 मिलीचाच सांग. इंग्लंडमध्ये तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण न सांगितल्यास पुष्कळदा 175चा भरून येतो. नळाचं पाणीही फुकट द्यावंच लागतं, बाटलीचं कशाला घ्यायचं?

आणि प्यायचीच नसेल, तर ‘मी ऊलाँग चहा घेते’ एवढंच म्हण. उपास, औषध, डोकेदुखी असलं काही सांगत बसू नकोस. एक थाप मारली की पुढच्या पार्टीला ती लक्षात ठेवावी लागते, आणि तुझी स्मरणशक्ती मला माहीत आहे. कुणी चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक कर, कँटनी लोकांचं ते ‘आभार’ म्हणणं.

बिल सारखं वाटून घ्यायचं ठरलं, तर दुसऱ्यांच्या बाटल्या तुझ्या माथी येतील. म्हणून ऑर्डर देतानाच हसत सांगून टाक, ‘माझा चहा वेगळा लावा हं.’ शेवटी बोललीस तर कंजूष ठरशील. साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बहुधा आधीच लावलेला असतो, तो बघ आणि वर टिप ठेवू नकोस. तुझा मॅनेजर म्हणाला ‘आज माझ्याकडून’, तर आपल्याकडच्यासारखं तीनदा नको-नको करू नकोस. थँक्यू म्हण आणि कोट घाल.