एक संगणक, दोन पाळ्या

एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी दुसरी शाळा भरते. वर्ग तेच, बाके तीच. कपाटे मात्र वेगळी. कमी ताकदीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, अशाच पाळीने चालवता येतात.

पाळी कशासाठी? समजा, लॅपटॉपची रॅम ४ गिगाबाइट आहे. विंडोज ११ला किमान एवढी रॅम लागतेच. विंडोज चालू असतानाच तिच्या पोटात ‘आभासी यंत्र’ करून लिनक्स चालवले, तर दोघींना त्याच चारांत भागवावे लागते. रॅम अपुरी पडली, की संगणक तिच्यातील माहिती डिस्कवर ठेवू लागतो. डिस्क रॅमपेक्षा खूपच मंद, म्हणून सारे काम रखडते. पाळीपद्धतीत मात्र जी कार्यप्रणाली चालू असेल, तिला सगळी रॅम मिळते.

डिस्कचे मात्र विभाग पाडावे लागतात. हीच ती वेगळी कपाटे. लिनक्स मिंटला किमान २० गिगाबाइट जागा लागते. लॅपटॉप सुरू करताच ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम विचारतो, “आज कोणाची पाळी?”

विभाग पाडताना चूक झाली, तर साठवलेले सर्व काही पुसले जाऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या, चार्जर जोडून ठेवा आणि जाणत्या माणसाला शेजारी बसवा. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असेल, तर बंद करूनही विंडोज पुरती थांबत नाही; दुपारची शाळा आली तरी सकाळच्यांची दप्तरे बाकांवरच राहावीत, तसे होते.

आता एक गंमत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ कित्येकदा साडेपाच तास मागे दिसते! लॅपटॉपच्या आतले घड्याळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते. विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून हा फरक. घड्याळ बिघडलेले नसते. ते वाचण्याची रीत निराळी असते. आतले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्यास लिनक्सला सांगितले, की भांडण मिटते.

हाच प्रयोग टोकियोत केला, तर फरक किती तासांचा पडेल? आणि जानेवारीत लंडनमध्ये केला तर? सांगा पाहू!